बुजवलेल्या पट्ट्या

हासी मसऊद, ९ नोव्हेंबर

झुबीर,

सलाम, खुशाली, हवापाणी यातलं मी काहीही लिहिणार नाही. तू फोन उचलत नाहीस. निरोप वाचतोस, ते मला दिसतं, आणि गप्प बसतोस. ऑफिसच्या मेलवरून लिहिलं तर चौकशी समितीची माणसं तुझ्या आधी वाचतील. म्हणून कुरिअरने हा कागद पाठवते आहे. फाडायचा असेल तर निदान हाताला तेवढे कष्ट पडू देत.

मुख्तार गेला. तिकडे परदेशात, तुलूजमध्ये तुला कुणीतरी कळवलंच असेल. तरी मी कळवते, कारण मला माहीत नव्हतं असं म्हणायला तुला जागा ठेवायची नाही. अठ्ठावीस ऑक्टोबरला, जेवणं आणि दुपारची नमाज उरकून माणसं पुन्हा कामाला लागली तेव्हा. सदतीस नंबरच्या तेलविहिरीत तीन हजार चारशे बारा मीटरवर रबरी बूच बसवलं होतं. बुचाच्या खाली दाब चढवायचा आणि वर काही येऊ द्यायचं नाही, एवढंच काम. ड्रिलर लख्दर होता. दाबाचा काटा त्याच्यासमोर आणि मुख्तार तिकडे नळांपाशी. दाब बुचाला वळसा घालून वर आला आणि नळ उसळला. मुख्तार जागच्या जागी गेला. लख्दरचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

बूच नेमकं तिथेच का बसवलं? कारण विहिरीच्या भिंतीच्या चित्रपट्टीवर तिथला दगड अखंड दिसत होता. अकरा मीटरभर एक भेग नाही, नव्याने गिलावा केलेल्या भिंतीसारखा. आणि ती चित्रपट्टी तुझ्या कॉम्प्युटरच्या मॉडेलने भरलेली होती.

परवा त्याच विहिरीत मोजणीचं उपकरण पुन्हा सोडलं. या वेळी त्याचे हात जरा फिरून टेकले. तिथे भेग आहे, झुबीर. उभी, ओळंबा लावल्यासारखी, बुचाच्या खालून निघून बुचाच्या वर गेलेली. माझी करंगळी आत जाईल एवढी रुंद.

उपकरणाला सहा हात असतात, ते विहिरीच्या भिंतीला टेकतात आणि दोन हातांच्या मधली भिंत त्याला दिसत नाही, हे तुला सांगायला नको. विद्यापीठाच्या सुट्ट्यांत माझ्या टेबलाशी बसून तू हेच शिकलास. बाटलीवरचा कागद सोलून सपाट पसरावा तशी विहिरीची भिंत कागदावर यायची आणि न दिसलेल्या जागी उभ्या पांढऱ्या पट्ट्या असायच्या. पांढरं म्हणजे ‘माहीत नाही’. तिरकी भेग त्या पट्टीत मावत नाही, दोन्ही बाजूंनी डोकावते, आणि ती तुझं मॉडेल बरोबर जोडतं. मान्य आहे मला. उभी भेग मात्र पट्टीत आख्खी मावते आणि शेजारच्या दगडाला तिचा पत्ताही नसतो. तुझ्या डीप लर्निंगने दोन्हीकडचा शहाणा दगड पाहिला आणि मध्ये तसाच शहाणा दगड रंगवला.

रंगवला तर रंगवला. पण भरलेल्या जागेच्या कडेला खूण छापायची असं ठरलं होतं. ही जागा पाहिलेली नाही, भरलेली आहे, हे वाचणाऱ्याला कळावं म्हणून. त्या खुणा तुम्ही काढून टाकल्यात.

समितीपुढे लख्दरवर आरोप आहे की त्याने घाईने दाब चढवला. म्हणजे मुख्तारला त्याने मारलं. निकाल चौदा डिसेंबरला आहे, आणि त्यानंतर कोर्ट. मला दोन गोष्टी हव्या आहेत. एक, सदतीस नंबरची मूळ पट्टी, पांढऱ्या जागांसकट. आमच्या साठ्यात फक्त भरलेली उरली आहे, मूळ तुमच्या कंपनीकडे आहे. दोन, सहीशिक्क्याचा एक कागद, की भरलेल्या जागांच्या खुणा तुम्ही काढल्या.

वाट पाहते आहे. फार दिवस पाहणार नाही.

हूरिया


उअर्ग्ला, १९ नोव्हेंबर

झुबीर,

मिळालं तुझं उत्तर. फोनवर, दोन ओळी. ‘लल्ला, कंपनीच्या वकिलांना विचारावं लागेल. तब्येतीची काळजी घे.’

माझ्या तब्येतीला काय धाड भरली आहे? माझे दोन्ही पाय जागेवर आहेत. उंटावरून शेळ्या हाकायला तिकडे काय जातं तुमचं! मोठ्या बहिणीला मानाने लल्ला म्हणायचं आणि वकिलाला विचारून तिच्याशी बोलायचं? आई गेली तेव्हा तू सहा वर्षांचा होतास आणि तुझ्या डोक्यातल्या उवा मी कुठल्या वकिलाला न विचारता काढल्या.

चार आठवड्यांची पाळी संपवून मी सोमवारी घरी आले. काल लख्दरला भेटायला इस्पितळात गेले होते. सगळं लिहिते, तुझ्या वकिलालाही वाचून दाखव.

खिडकीजवळ त्याची खाट आहे. पांघरूण एका बाजूला सपाट पडलेलं असतं आणि आपली नजर तिथेच जाते. त्याने ते पाहिलं आणि म्हणाला, “ये लल्ला, बस. आता बूट घ्यायला गेलो की दुकानदाराशी भांडण ठरलेलं.” त्याची बायको मबरूका तोंड फिरवून उभी राहिली.

मी विचारलं, “नेमकं काय झालं?”

“समितीला सांगितलं तेच. काटा माझ्यासमोर होता. पाच पाचने चढवत होतो, मध्ये थांबत होतो. बत्तीस वर्षं हेच केलंय. मुख्तार तिकडून ओरडला, ‘अरे म्हाताऱ्या, चढव की, चहाचं सरबत होतंय!’ मी म्हटलं, ‘मग सरबत पी.’ हेच शेवटचं बोलणं आमचं. समितीतला तो चष्मेवाला विचारतो, मुख्तार घाई कर म्हणाला, म्हणजे तू घाई केलीस ना? आता चहावरून कोण कुणाला काय म्हणालं, तेसुद्धा माझ्या गळ्यात घालतात.”

मबरूकाने मध्येच सांगितलं की शुक्रवारी तिने कुसकुस शिजवून मुख्तारच्या घरी पाठवलं, दुःखाच्या घरी पाठवतात तसं. परात जशीच्या तशी परत आली. झाकणाचं फडकंसुद्धा कुणी सोडलं नव्हतं. वीस वर्षं या दोन घरांनी ईदचा मेंढा वाटून घेतला आहे, तुला माहीत आहे.

लख्दर म्हणाला, “तुरुंगात घालायचं तर घाला. तिथे उभं राहायचं कामच नाही. पण मुख्तारच्या यमीनाला कुणीतरी जाऊन सांगा की मी घाई केली नाही. ती इद्दतीत बसलीय, नवरा गेल्यावरचे चार महिने दहा दिवस. परका पुरुष तिच्यासमोर जाऊ शकत नाही. मबरूकाला ती दारात उभी करत नाही. तू बाई आहेस, शिकलेली आहेस, ती चित्रपट्टी तुला कळते. लल्ला, तू जा.”

मी म्हटलं, जाईन. आधी मूळ पट्टी येऊ दे, हातात पुरावा असू दे.

त्याने विचारलं, “त्या चित्रपट्टीवर सही तुझीच ना?”

“माझी. जे माझ्या टेबलावर आलं, त्यावर केली.”

मबरूकाने चहा ओतला. मी अर्धाच प्यायले आणि निघाले.

झुबीर, त्या माणसाच्या दारात मी पुन्हा रिकाम्या हाताने जाणार नाही. तुझं तोंड बंद आहे तोवर तुझं पाप त्याच्या माथ्यावर आहे. करून सवरून नामानिराळं राहायचं तू कुणाकडून शिकलास? आपल्या अब्बांकडून तर नाही.

पट्टी पाठव. कागद पाठव.

हूरिया


उअर्ग्ला, २७ नोव्हेंबर

झुबीर,

पट्टी आली. कागद आला नाही. त्याऐवजी तुझी ही एक ओळ आली: ‘खुणा कुणी काढायला सांगितल्या, ते तुलाही आठवत असेल.’

पट्टीचं आधी लिहिते, कारण तुझ्या ओळीवर लिहायला अजून मन धजत नाही.

जेवणाच्या टेबलावर ती पसरली. तीन हजार चारशे बारा. तिसऱ्या आणि चौथ्या हाताच्या मध्ये पांढरी पट्टी आहे, आणि नव्या मोजणीतली भेग त्याच दिशेला, तिच्या बरोब्बर मधोमध येते. मी फूटपट्टी लावून तीनदा तपासलं. डावीकडे काही नाही, उजवीकडे काही नाही. माझ्या हातात ही पट्टी असती तर मी तिथे बूच बसवू दिलं नसतं. पांढऱ्याच्या भरवशावर कुणी बूच बसवत नाही. वीस मीटर खाली सहाही हातांखाली दगड स्वच्छ दिसतो आहे, आणि उपकरण तिथे हळूहळू फिरत गेल्यामुळे सगळ्या बाजू पाहिल्या गेल्या आहेत. बूच तिथे गेलं असतं.

आता तुझी ओळ.

हो, आठवतं. दोन वर्षांपूर्वीचा मार्च. तू तुझं मॉडेल बसवायला आला होतास, आणि सगळ्या ऑफिसात मी नाक वर करून फिरत होते. ‘माझ्या भावाने केलंय. पंधरा वर्षं मी पट्ट्यांवर ओढलेल्या भेगांच्या रेषांवर ते शिकलंय.’ साहेब लोकांच्या गळी ते मीच उतरवलं. पहिली भरलेली पट्टी भिंतीवर लागली तेव्हा टाळ्या पडल्या, आणि त्या टाळ्या मी माझ्याच समजले.

खुणा तू लाल ठेवल्या होत्यास. कडेला बारीक लाल दाते. तिकडे तुलूजमध्ये लाल म्हणजे नुसता लाल. इथे चाळीस वर्षं चित्रपट्टीच्या कडेला लाल दाता म्हणजे उपकरण अडकलं, मोजणी वाया गेली, पुन्हा करा. ते तू विसरलास, आणि माझ्याही लक्षात आलं नाही. मग प्रत्येक विहिरीवरून फोन. ‘लल्ला, उपकरण बिघडलंय का?’ ‘लल्ला, पट्टीभर लाल आहे, परत सोडू का?’ दोन विहिरींवर खरंच परत सोडलं, एकेक दिवस बुडाला. साहेबांनी मला खोलीत उभं करून झापलं, त्या खोलीत मी एकटी बाई. बाहेर आले आणि तुला म्हटलं, काढून टाक ते लाल.

तू म्हणालास, “लल्ला, काढायला नको. रंग बदलू. निळा करतो, एक तास दे मला.”

आणि मी काय म्हटलं? तू विसरला नसशील, म्हणूनच तू परत आला नाहीस. सगळ्यांसमोर म्हटलं, “माझ्या टेबलावर रेघ ओढायला शिकलास तू. मला अक्कल शिकवू नकोस. आत्ता काढ.”

तू एक बटण दाबलंस आणि जेवायला न थांबता विमानतळावर गेलास.

झालं समाधान? वाचून घे पुन्हा एकदा. पण मग मीही विचारते. मी काढ म्हटलं म्हणून तू काढलंस? विहिरीत ढकल याला म्हटलं असतं तर ढकललं असतंस? ते यंत्र तुझं, त्याच्या खोडी तुला माहीत. उभी भेग त्याला कधीच दिसणार नाही हे तुला ठाऊक होतं, कारण ते माझ्या रेषांवर शिकलं आणि माझ्या रेषांत उभ्या भेगा जवळजवळ नाहीत. मला ज्या दिसल्याच नाहीत त्या मी ओढणार कशा? हे तू मला त्या दिवशी ओरडून सांगायला हवं होतंस. माझा हात धरायला हवा होतास. पण तुला राग आला, आणि रागाच्या भरात तू माझं ऐकलंस. माझ्यावर सूड म्हणून आज्ञा पाळलीस. मी तुला ओळखते.

समितीला मी यातलं काही सांगितलेलं नाही. ‘जे टेबलावर आलं त्यावर सही केली’, एवढंच सांगितलं आहे. निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. सव्वीस वर्षं ज्या खोलीत मी कधी मान खाली घातली नाही, तिथे उभं राहून हे माझ्याने बोलवत नाही. यमीनाकडेही गेलेले नाही. लख्दरला सांगितलं, सर्दी झाली आहे.

तू कागदात काय लिहावंस हे मलाच कळत नाही. खरं लिही म्हटलं तर मी बुडते. खोटं लिही असं म्हणायला जीभ रेटत नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

हूरिया


हासी मसऊद, ९ डिसेंबर

झुबीर,

तुझा कागद पोचला. किती सुंदर छापला आहेस. वर कंपनीचं नाव, खाली शिक्का, मध्ये दोन वाक्यं. ‘भरलेल्या जागांच्या खुणा मी स्वतःच्या निर्णयाने काढल्या. ऑफिसातील कुणाचीही तशी सूचना नव्हती.’ आणि मागे पेन्सिलीने: ‘लल्ला, आता तरी झोप.’

खरं सांगते, झोपले. त्या रात्री दीड महिन्यात पहिल्यांदा पोटभर जेवले आणि झोपले. सकाळी उठून तो कागद पुन्हा वाचला आणि मला बरं वाटलं. एक आख्खा दिवस मला बरं वाटत होतं. हे लिहिताना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते आहे.

समितीचे अध्यक्ष बूअलाम यांना तो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून वाचला आणि खूश झाले.

“वा! बाहेरची कंपनी, बाहेरचं यंत्र. लख्दर सुटला, तुम्ही सुटलात, आमच्या माणसांवर काही डाग नाही. एवढंच करा, भावाला सांगा, काही वर्षं इकडे पाय ठेवू नकोस. उतरला तर विमानतळावर पोलीस उभे असतील.”

मी विचारलं, “आणि बाकीच्या विहिरी? तेवीस विहिरींच्या पट्ट्या अशाच बिनखुणेच्या आहेत.”

“त्याचं काय? चूक एका माणसाची. माणूस गेला, चूक गेली. पट्ट्या छान दिसतात, लल्ला, त्यांना कशाला हात लावायचा?”

मी त्यांच्या टेबलावरून कागद परत उचलला. म्हटलं, मूळ प्रत आहे, जपून ठेवते, चौदाला देते. त्यांनी चहा मागवला.

आणि तेव्हापासून मी तुझ्यावर इतकी चिडले आहे की मार्चमध्येसुद्धा तेवढी चिडले नव्हते. पुन्हा तेच केलंस तू! जिथे मोठं भोक आहे, तिथे डावीउजवीकडे बघून एक गुळगुळीत गोष्ट रंगवून टाकलीस. कुणी विचारलं होतं? मला वाचवलंस? माझा मोठेपणा उतरवून हातात दिलास. मी तुला खुणा काढायला लावल्या, तेव्हा तू मुकाट्याने काढल्यास. मी तुझ्यावर ओरडले, तेव्हा मुकाट्याने निघून गेलास. आता मुकाट्याने माझा गुन्हा अंगावर घेतोस आणि वर मला झोप म्हणतोस. एकदा तरी, बाबा, एकदा तरी माझ्या तोंडावर सांग की लल्ला, तू चुकलीस!

आणि तेवीस विहिरी आहेत. त्यांतल्या सहांवर महिन्याभरात बुचं बसणार आहेत. त्या प्रत्येकीवर कुणीतरी काट्यासमोर बसणार आणि कुणीतरी नळांपाशी उभा राहणार. तुझा कागद खरा ठरला तर त्यांच्या हातात तीच सुंदर पट्टी जाईल.

तुझा कागद या पाकिटात परत पाठवते आहे. त्यावर मी दोन आडव्या रेघा मारल्या आहेत. खरा लिहून पाठव, दोघांच्या नावाने. बहिणीने सांगितलं आणि मी काढल्या, असं लिही. चौदापर्यंत तो पोचणार नाही, माहीत आहे. चौदाला मी तोंडाने सांगते.

हूरिया


उअर्ग्ला, १६ डिसेंबर

झुबीर,

सांगितलं.

नऊ माणसं होती, आठ पुरुष आणि टिपणं घेणारी एक मुलगी. मी मूळ पट्टी टेबलावर पसरली, शेजारी भरलेली, शेजारी नवी मोजणी. तिन्हीवर बोट ठेवून दाखवलं. मग म्हटलं, “खुणा मी काढायला लावल्या. माझा भाऊ रंग बदलू म्हणत होता, मी ऐकलं नाही. सही करताना मी मूळ पट्टी मागवू शकत होते. मागवली नाही, कारण भरलेली वाचायला सोपी होती.”

बूअलाम म्हणाले, “लल्ला हूरिया, तुम्ही दमला आहात. बसा, पाणी घ्या. भावाच्या मायेपोटी माणूस काहीही बोलतो.”

“माया?” मी म्हटलं. “तो इथे असता तर मी त्याला जोड्याने मारलं असतं. त्यानेही काढल्याच ना? त्याचंही नाव लिहा. माझ्या नावाखाली लिहा.”

ती मुलगी लिहायची थांबली होती. मी तिला म्हटलं, लिही बाळ, आणि तिने लिहिलं.

लख्दरवरचा आरोप मागे घेतला. मला कामावरून थांबवलं आहे, माझ्यावर वेगळी चौकशी बसेल. तेवीस विहिरींच्या भरलेल्या पट्ट्या परत मागवायचा हुकूम निघाला, पांढऱ्या जागा दिसल्याशिवाय बूच बसवायचं नाही. तो निघाला तो मी दारात बसून राहिले म्हणून. दुसऱ्या दिवशी हुकूम हातात येईपर्यंत मी उठले नाही, शिपायाने दोनदा खोली झाडली.

तिथून मी यमीनाकडे गेले. आता कुठलं निमित्त उरलं नव्हतं.

मुख्तारच्या बहिणीने दार उघडलं. यमीना आतल्या खोलीत जमिनीवर बसली होती, पांढऱ्या कपड्यांत. ती मला ओळखत होती, मुख्तार घरी माझ्याबद्दल बोलायचा. म्हणायचा म्हणे, लल्लाने दगडावर बोट ठेवलं की दगड खरं बोलतो. हे तिने मला आल्या आल्या सांगितलं, चांगुलपणाने. मग मी तिला सगळं सांगितलं. काही वगळलं नाही. लख्दरने घाई केली नाही, हे पहिलं सांगितलं.

ती रडली नाही. सगळं ऐकून घेऊन विचारू लागली.

“ती जागा कागदावर पांढरी असती, तर त्यांनी काय केलं असतं?”

“बूच वीस मीटर खाली नेलं असतं.”

“त्याला किती वेळ लागतो?”

“अर्धा तास.”

“आणि तुझा भाऊ म्हणत होता तो रंग बदलायला?”

“एक तास.”

तिने मांडीवरचा हात उलटा केला आणि तळव्याकडे बघत राहिली. नणंद दारात उभी होती, तिला यमीना म्हणाली, “ऐकलंस? दीड तास. बाजारात जाऊन यायला मला याहून जास्त लागतो.”

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिने हात वर केला.

“ते नको. ते मला आत्ता ऐकू येणार नाही. तू आलीस, सांगितलंस, हे मी लक्षात ठेवीन. आता जा. उद्या मबरूकाला पाठवून दे, म्हणावं माझ्यापाशी येऊन बस. तू मात्र पुन्हा येऊ नकोस.”

मी उठले. मबरूकाला निरोप दिला. ती आज सकाळीच गेली आहे, आणि अजून परतलेली नाही. मी घरी बसून तुला हे लिहिते आहे.

लल्ला